हात बदलला की

सव्विसाव्या रोज्याच्या रात्री, तरावीह आटोपून
शटर अर्धं ओढतो आणि
बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडतो.

तांब्याची तार, अठ्ठावीस किलो, आजच्या भावानं.
वाइंडिंगचं मशीन धरायचं नाही, ते हत्यार.
पक्कड, टेस्टर, स्टूल, काही नाही.
लोकांकडं अडकलेले पैसे धरायचे.
देवणीच्या त्या बोअरवाल्याचे धरू का?
हाफिजजी म्हणाले, यायची आशा असली तर धर.
मी आशा धरली.
तहसीननं तिच्या पाटल्या सराफाकडं नेऊन
स्वतःच तोलून आणल्या,
चिठ्ठी दाखवली आणि पर्समध्ये ठेवली.
माझं मी देईन, तुमच्यात मिसळू नका.

चाळीस भाग. त्यातला एक आपला नाही.
वर्षभर नुसता गल्ल्यात मुक्कामाला होता.
आता ज्याचा त्याला.

ज्याचा म्हणजे कुणाचा?

अम्मीला देता येत नाही.
तिच्या गोळ्या तशाही माझ्याच अंगावर,
या खिशातून त्या खिशात घातल्याला देणं कोण म्हणेल?
पोरीच्या फीला नाही.
मशिदीच्या नव्या पंख्यांनाही नाही.
घेणारा मालक झाला पाहिजे,
आणि पंख्याला हात नसतात, पाती असतात.

मकबूल हमालाला चालतं,
लातूरच्या दवाखान्याचं बिल त्याच्या डोक्यावर आहे
आणि ते पोत्यासारखं खाली टाकता येत नाही.
मागच्या साली तो क्लीनर, नळेगाव रोडला,
ट्रक निघून गेलेला, पाकीट मारलेलं.
फोनमध्ये त्यानं गावचं दुमजली घर दाखवलं, हिरव्या रंगाचं.
तरी चाललं.
रस्त्यावरच्या माणसाचं घर
रस्त्यावर नसतं.

पण पहिलं नाव मनात येतं ते कटतं.
चौबाऱ्याजवळ घड्याळं दुरुस्त करणारे सय्यद वलीउल्ला.
आता लोक घड्याळं आणत नाहीत, सेल बदलून मागतात,
तेही उभ्या उभ्या.
इफ्तारला खजूर एक. दुसरा उद्याचा.
सय्यद आहेत, म्हणून जकात नाही.
एकदा पाकीट घेऊन गेलो होतो.
डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, हे काय आहे?
तोंडात रोजा होता. खोटं बोलवेना.
त्यांनी पाकीट त्याच घडीवर दुमडलं
आणि माझ्याच वरच्या खिशात ठेवलं,
हळू, घड्याळाचा काटा बसवावा तसं.

घरी येऊन हळहळलो, बिचाऱ्यांना देताच येत नाही.
बाकीचे एकोणचाळीस भाग माझ्याजवळच होते.
त्यातलं द्यायला कुणाची मनाई नव्हती.
ते काही मला सुचलं नाही.

यंदा थोरली बहीण, सरवरीआपा.
साड्यांना फॉल लावते, निसाब तिच्या दारावरून जात नाही.
बहिणीला चालतं, आणि नाव सांगावं लागत नाही,
नियत आपल्या मनात असली की झालं.
मी म्हणालो, ईदी.
तिनं नोटा मोजल्या नाहीत, नुसत्या अंगठ्यानं दाबल्या.
इत्ती बडी ईदी कौन देता रे?
आणि घेतली.

ईदच्या सकाळी तिचं पोरगं स्टीलचा डबा घेऊन
चौबाऱ्याकडं निघालेलं दिसलं.
आत शीरखुर्मा, वर चारोळ्या, पिशवीत कुर्त्याचं कापड.
हे काय आहे?
अम्मीनं दिलंय.
त्यांनी तिथंच, उभ्यानं, बोटानं चाटून पाहिला म्हणे.

मी पळत हाफिजजींकडं. हे कसं चालतं?
ते हसले. तिच्या हातात पडलं तेव्हा तिचं झालं.
आता ती देते आहे, तू कोण मधे?
खरं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन कॉइल
एकमेकींना शिवत नाहीत,
हे मी रोज पोरांना शिकवतो.

संध्याकाळी डबा परत आला, घासून पुसून.
रिकामा धाडायचा नसतो, म्हणून तळाला मूठभर साखर.
आपानं त्या साखरेचा चहा केला,
एक कप माझ्यापुढं सरकवला.
मी प्यायलो.
मला चालतो का,
ते हाफिजजींना विचारलं नाही.